ॲलिसची सेमिनरी नेमकी कोणी बंद पाडली?

दक्षिण आफ्रिकेत सगळ्या वर्णांच्या लोकांनी मिळून पहिल्यांदा मतदान केलं ते एप्रिल 1994 मध्ये. त्याच्या काही महिने आधी, 1993 संपता संपता, पीटरमॅरिट्झबर्गजवळच्या इंबाली वस्तीतली एक सेमिनरी, म्हणजे पाद्री घडवणारी संस्था, कायमची बंद झाली. फेडरल थिऑलॉजिकल सेमिनरी ऑफ सदर्न आफ्रिका असं तिचं लांबलचक नाव होतं. सगळे फेडसेम म्हणायचे. अँग्लिकन, मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल अशा चार पंथांच्या चर्चनी 1963 मध्ये ॲलिस गावात ती एकत्र येऊन सुरू केली होती. वर्णभेदी राजवट हात धुऊन तिच्या मागे लागली, तिची जागा काढून घेतली, तिला गावोगाव फिरायला लावलं, तरी ती तग धरून राहिली. आणि राजवट शेवटच्या घटका मोजू लागली तेव्हा ज्यांनी ती उभारली होती त्यांनीच तिला कुलूप घातलं.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण पहिल्या अर्ध्या भागात रमतात. दुष्ट सरकार आणि निधडी सेमिनरी अशी ती मांडणी. ती खोटी नाही. पण माझा रोख दुसऱ्या अर्ध्यावर आहे. फेडसेममध्ये पंथांची एकी झाली ती काळ्या विद्यार्थ्यांच्या जिवावर. गोऱ्या चर्चनं त्या एकीला टाळ्या वाजवल्या, पैसे दिले, प्राध्यापकही दिले, पण आपली मुलं दिली नाहीत. म्हणून दडपण उठताच ती एकी कोणाला आपली वाटली नाही. सेमिनरीच्या मरणाचं कारण शोधायचं तर 1993 च्या हिशेबवह्यांत बघून भागत नाही, 1963 मध्ये जावं लागतं.

खरं तर त्याच्याही दहा वर्षं मागे. 1953 च्या बांटू शिक्षण कायद्यानं काळ्या मुलांच्या शाळा मिशनच्या हातून काढून सरकारी खात्याकडे नेल्या. काळ्या माणसाला गोऱ्यांच्या समाजात ठरावीक मजुरीच्या वर जागा नाही, मग त्याला गणित शिकवून करायचं काय, असं त्या खात्याचे मंत्री फेरवूर्ट उघड बोलत होते. मिशनांपुढे दोनच वाटा होत्या: शाळा सरकारच्या स्वाधीन करा, नाहीतर अनुदानाशिवाय चालवून दाखवा. जोहान्सबर्गच्या रोझेटनव्हिल भागातली सेंट पीटर्स शाळा, जिथे मंडेलांचे सहकारी ऑलिव्हर टांबो शिकले आणि पुढे शिकवायलाही राहिले, ती अँग्लिकनांनी 1956 मध्ये बंद केली; सरकारच्या हाती दिली नाही. तिच्या शेजारचं पाद्री घडवणारं कॉलेज राहिलं, पण ते भरत होतं गोऱ्यांच्या वस्तीत. 1950 च्या ग्रुप एरियाज कायद्यानं कोणत्या रंगाच्या माणसानं कुठे राहायचं हे ठरवून टाकल्यावर तेही तिथून उठणार हे दिसतच होतं. नाताळ प्रांतात ॲडम्स कॉलेजची तीच गत झाली. पुढे नोबेल शांतता पुरस्कार मिळालेले आल्बर्ट लुथुली तिथे शिकले आणि शिकवायला राहिले, काळे विद्वान झेड. के. मॅथ्यूज तिथल्या हायस्कूलचे प्रमुख होते. 1956 अखेर ते कॉलेजही सरकारनं गिळलं.

या ॲडम्सचा आणि आपला एक जुना धागा आहे. ते चालवत होतं बोस्टनचं अमेरिकन बोर्ड हे मिशनरी मंडळ. याच बोर्डानं 1813 मध्ये मुंबईत पाय ठेवला आणि पुढे अहमदनगरला अमेरिकन मराठी मिशनचा पसारा उभा केला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं नाव ज्या मिशनशी जोडलेलं आहे, तेच हे. म्हणजे नगरच्या मंडळ्या आणि झुलू मंडळ्या एकाच घरच्या. लुथुली 1938 मध्ये मद्रासजवळ तांबरमला भरलेल्या मिशनरी परिषदेला आले होते, तेही याच गोतावळ्यातून.

मग फोर्ट हेअर. पूर्व केप प्रांतातल्या ॲलिस या छोट्या गावात, ट्यूमे नदीच्या एका बाजूला स्कॉटिश मिशनची जुनी लव्हडेल संस्था आणि दुसऱ्या बाजूला 1916 साली सुरू झालेलं हे कॉलेज. मंडेला, टांबो, सोबुक्वे, गोव्हन म्बेकी हे वर्णभेदाविरुद्धच्या लढ्याचे नेते सगळे इथले विद्यार्थी. इथली वसतिगृहं चर्चची होती: मेथडिस्टांचं वेस्ली हाउस, अँग्लिकनांचं बेडा हॉल, प्रेस्बिटेरियनांचं आयोना हाउस. मंडेला वेस्ली हाउसमध्ये राहत. 1959 मध्ये सरकारनं कायदे करून फोर्ट हेअर ताब्यात घेतलं आणि खोसा भाषकांपुरतं करून टाकलं. मॅथ्यूज तेव्हा तिथे वरिष्ठ प्राध्यापक होते. निवृत्तिवेतन हाताशी आलेलं असताना त्यांनी ते सोडून राजीनामा दिला आणि पुढे जिनीव्हात जागतिक चर्च परिषदेच्या कामाला लागले. चर्चची माणसं फोर्ट हेअरमधून अशी एकेक करून बाहेर पडली.

तर चारही पंथांपुढे एकाच वेळी एकच प्रश्न आला: काळ्या पाद्र्यांना शिकवायचं कुठे? आणि नेमका त्याच सुमारास पैसा आला. 1957-58 च्या सांधवर्षात घानात भरलेल्या आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेनं थिऑलॉजिकल एज्युकेशन फंड नावाचा निधी उभा केला. रॉकफेलरांचे वीस लाख डॉलर आणि मिशनरी मंडळांचे वीस लाख. आशिया-आफ्रिकेत पंथापंथांनी एकत्र येऊन चांगल्या सेमिनऱ्या काढाव्यात हा त्या निधीचा आग्रह होता. एका बाजूनं हुसकावणी, दुसऱ्या बाजूनं निधी. ॲलिसला फोर्ट हेअरच्या शेजारी जागा घेऊन 1963 मध्ये फेडसेम सुरू झाली. अँग्लिकनांचं सेंट पीटर्स, मेथडिस्टांचं जॉन वेस्ली, प्रेस्बिटेरियनांचं सेंट कोलंबाज आणि काँग्रिगेशनलांचं ॲडम्स युनायटेड अशी चार कॉलेजं एका आवारात. प्रत्येकाचे प्राचार्य वेगळे, राहणं आणि उपासना वेगळी. वर्ग आणि ग्रंथालय एकत्र.

आता याला एकी म्हणायचं का? माझं उत्तर हो असं आहे, आणि ते मी सहज देत नाही. माणसं तत्त्वासाठी एकत्र येतात त्याहून जास्त वेळा गरजेपोटी येतात, आणि त्यात कमीपणा काही नाही. पूर आला की गावातले सगळे एकाच शाळेत झोपतात. पण त्या शाळेत कोण झोपायला आलं आणि कोण आपल्या माडीवरून बघत राहिलं, हे विचारायला हवं.

ॲलिसपासून साधारण शंभर किलोमीटरवर ग्रॅहॅमस्टाउन आहे. (आता त्याचं नाव मखांडा.) तिथे अँग्लिकनांचं सेंट पॉल्स कॉलेज होतं. तिथेच ऱ्होड्स विद्यापीठाच्या ईश्वरविज्ञान विभागात मेथडिस्ट, प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल उमेदवार शिकत. हे गोऱ्यांचं प्रशिक्षण. म्हणजे तीच चार चर्च, तेच पंथ, तेच बायबल, आणि पाद्री घडवण्याच्या दोन जागा: एक गोऱ्यांची, एक काळ्यांची, मध्ये तासा-दीड तासाचा रस्ता. चर्चच्या सभांमध्ये वर्णभेदाचा निषेध करणारे ठराव होत होते. ज्यांनी ठराव मांडायचे ते एका गावात घडत होते आणि ज्यांच्या बाजूनं मांडायचे ते दुसऱ्या. पुढे दीक्षा मिळाल्यावर मानधनातही फरक. काळ्या पाळकाचं मानधन कमी, गोऱ्याचं जास्त, कारण मंडळी वेगळी, वर्गणी वेगळी, असं त्याचं समर्थन.

इथे कोणी म्हणेल, कायदाच तसा होता, चर्च काय करणार? कायदा होता हे खरं. पण हीच चर्च एका बाबतीत कायद्याला भिडली होती. 1957 मध्ये सरकारनं एक कलम आणलं: गोऱ्यांच्या वस्तीतल्या चर्चमध्ये काळ्या माणसांना उपासनेला येण्यापासून रोखण्याचा अधिकार मंत्र्याला मिळणार होता. केपटाउनचे अँग्लिकन आर्चबिशप जेफ्री क्लेटन हे काही बंडखोर गृहस्थ नव्हते. मवाळ, सावध, सरकारशी बोलून मार्ग काढणारे. त्यांनी 6 मार्चला, राखेच्या बुधवारी (ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या दिवशी), पंतप्रधानांना पत्र लिहून सही केली: हा कायदा आम्ही पाळणार नाही आणि आमच्या लोकांनाही पाळायला सांगणार नाही. दुसऱ्या दिवशी ते वारले. उपासनेच्या दारात उभं राहून चर्च सरकारला नाही म्हणू शकलं. प्रशिक्षणाच्या बाबतीत तशी जिद्द दिसत नाही. गोरा आणि काळा उमेदवार एका बाकावर बसून ग्रीक शिकतील, एका जेवणघरात जेवतील, पुढची चाळीस वर्षं एकमेकांना नावानं हाक मारतील, यासाठी कोणी पत्र लिहून सही केली नाही. आणि माझ्या मते चर्चमधला भेद मोडायची जागा तीच होती. रविवारच्या एका तासात माणसं शेजारी बसली तर बसली. तीन वर्षं एकत्र राहिली असती तर गोष्ट वेगळी होती.

आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्यांच्या डच रिफॉर्म्ड चर्चवर सगळा दोष ढकलून इंग्रजी बोलणारी चर्च स्वतःला धुतल्या तांदळासारखी मानायची, ते याच कारणानं मला पटत नाही. डच रिफॉर्म्डनी 1857 च्या सिनॉडमध्ये, म्हणजे चर्चच्या महासभेत, "काहींच्या दुर्बळतेमुळे" गोऱ्या-काळ्यांचं प्रभुभोजन वेगळं ठेवायला मुभा दिली. दुर्बळता गोऱ्यांची होती, ज्यांना काळ्या माणसाबरोबर एका पेल्यातून प्यायला नको होतं. पुढे 1881 मध्ये त्या मुभेतून वेगळं मिशन चर्चच निघालं. वर्णभेदाला धर्माचा आधार तिथून मिळाला हे बरोबरच आहे. पण इंग्रजी चर्चनी सिनॉड न भरवता, ठराव न करता, केवळ सोयीनं तेच केलं.

एवढं बोलून मी फेडसेमला कमी लेखतो आहे असं वाटायला नको. ज्या विद्यार्थ्यांवर ही एकी सोपवली गेली त्यांनी तिचं सोनं केलं. शेजारच्या फोर्ट हेअरमध्ये सरकार काळ्या माणसांचे खोसा, झुलू, सोथो असे गठ्ठे बांधत होतं. कुंपणापलीकडे सेमिनरीत तेच सगळे एका वर्गात होते. गोरे आणि काळे प्राध्यापक एकाच आवारात राहत. असं आवार त्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं होतं, आणि सरकारच्या डोळ्यात ते खुपलं नसतं तरच नवल.

1967 मध्ये डेस्मंड टुटू लंडनहून शिकून इथे शिकवायला आले. ते स्वतः जोहान्सबर्गच्या सेंट पीटर्सचे विद्यार्थी. पाद्री होण्याआधी ते शिक्षक होते आणि बांटू शिक्षण कायद्यानंतर त्यांनी ती नोकरी सोडली होती. आपल्या मुलांना त्या शाळांत घालायचं नाही म्हणून त्यांना स्वाझीलँडला ठेवलं होतं. शिकवण्याबरोबर ते फोर्ट हेअरच्या अँग्लिकन विद्यार्थ्यांचे चॅप्लेनही होते. 1968 मध्ये फोर्ट हेअरला नवे रेक्टर आले, प्राध्यापक द वेट, आणि विद्यार्थ्यांशी त्यांचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. सप्टेंबरात विद्यार्थी प्रशासनाच्या इमारतीसमोर बसून राहिले. पोलीस आले, कुत्री घेऊन आले, मुलांना वेढा घातला. सेमिनरीचे लोक पलीकडून बघत होते. टुटू वेढ्यापाशी गेले, पोलिसांशी हुज्जत घातली आणि आत मुलांपर्यंत पोहोचून त्यांच्याबरोबर प्रार्थना केली. मुलांना पुढे सामान बांधून घरी हाकललं गेलं. टुटू तोवर राजकारणात पडणारे गृहस्थ नव्हते. ज्यांना जग पुढे ओळखू लागलं ते टुटू या दुपारी घडले असं म्हणण्याचा मोह होतो. माणूस एका दुपारीत घडत नाही, पण ती दुपार त्यांच्या हिशेबात मोठी होती एवढं नक्की.

सेंट पीटर्सचे प्राचार्य एल्रेड स्टब्स हे इंग्लंडमधल्या मिरफिल्डच्या मठातले गोरे संन्यासी. काळ्यांच्या आत्मभानाच्या चळवळीचे तरुण नेते स्टीव्ह बिको यांच्याशी त्यांचा जो स्नेह जमला तो मला फेडसेमच्या इतिहासातला सगळ्यात बोलका भाग वाटतो. 1969 मध्ये बिको आणि त्यांच्या सोबत्यांनी सासो ही काळ्या विद्यार्थ्यांची वेगळी संघटना सुरू केली. गोऱ्या उदारमतवाद्यांच्या मध्यस्थीची आम्हाला गरज नाही, आमचं आम्ही बोलू, हा तिचा सूर. एखादा गोरा प्राचार्य दुखावला असता, "आम्ही तुमच्यासाठी एवढं केलं" म्हणाला असता. स्टब्स बाजूला सरले आणि ऐकत राहिले. 1973 मध्ये बिकोंवर बंदी येऊन ते किंग विल्यम्स टाउनला अडकून पडले, तेव्हाही ते भेटत राहिले. बिको 12 सप्टेंबर 1977ला पोलीस कोठडीत मरण पावले. त्यांचे लेख नंतर एकत्र करून जगापुढे आणले ते स्टब्स यांनीच.

ब्लॅक थिऑलॉजीचं, म्हणजे काळ्यांच्या अनुभवातून बायबल वाचणाऱ्या ईश्वरविज्ञानाचं, पीकही याच मातीत आलं. अमेरिकेत जेम्स कोन यांनी 1969 मध्ये ती मांडणी केली होती, पण ॲलिसच्या मुलांना ती आयात करावी लागली नाही. देवानं माणसाला आपल्या प्रतिरूपात निर्माण केलं असं सकाळी वर्गात वाचायचं आणि दुपारी पोस्टात काळ्यांच्या रांगेत उभं राहायचं, या दोन्हींची सांगड कशी घालायची हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. त्याच वर्षांत, 1972 मध्ये, मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तिनं नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरकडून घेतलं. आफ्रिकेतल्या या मुलांची तिला खबर असायचं कारण नव्हतं. पण ज्याला पायदळी तुडवलं त्यानं आपली ओळख स्वतःच्या तोंडानं सांगायची, ही हवा दोन्हीकडे एकदम वाहत होती.

सरकारनं शेवटी वार केला तो 1974 च्या नोव्हेंबरात. फोर्ट हेअरच्या विस्ताराला जागा हवी, सबब सेमिनरीची जमीन आणि इमारती सरकारजमा. सार्वजनिक हितासाठी भूसंपादन, कागदोपत्री सगळं चोख. अकरा वर्षांपूर्वी बांधलेलं अख्खं आवार, चार कॉलेजं, ग्रंथालय, प्राध्यापकांची घरं, सगळं सोडून 1975 मध्ये मंडळी ट्रान्सकायमधल्या उमटाटाला गेली आणि अँग्लिकनांच्या सेंट बीड्स कॉलेजच्या आश्रयानं राहिली. पण ट्रान्सकाय म्हणजे तरी काय? काळ्यांना "स्वातंत्र्य" देतो म्हणून सरकारनं आखलेला तुकडा, आणि त्यावर मुख्यमंत्री कैझर मटान्झिमा. तिथेही जमलं नाही. मग नाताळ प्रांतात पीटरमॅरिट्झबर्गजवळ एडनडेलच्या चर्च केंद्रात तात्पुरती सोय, आणि अखेर 1980 मध्ये इंबालीला नवं आवार. पाच-सहा वर्षांत तीन बिऱ्हाडं. या सगळ्या फरपटीत चारही पंथ एकत्र राहिले. एकेकट्यानं सुटून जायला यापेक्षा चांगली संधी कोणती होती? तरी कोणी सुटलं नाही.

इंबालीतले दिवस सुखाचे नव्हते. ऐंशीच्या दशकात त्या खोऱ्यात झुलू राष्ट्रवादी इंकाथा आणि वर्णभेदविरोधी संघटनांची आघाडी असलेला युनायटेड डेमोक्रॅटिक फ्रंट यांच्यात शेजाऱ्यानं शेजाऱ्याला मारण्यापर्यंत गेलेला संघर्ष पेटला. मार्च 1990 च्या शेवटच्या आठवड्यात तर एडनडेलच्या खोऱ्यात जे झालं त्याला लोक सात दिवसांचं युद्धच म्हणतात. हजारो माणसं घरदार सोडून पळाली. मंडेला सुटून दीड महिना झाला होता. सेमिनरीची मुलं भर आगीत राहून पुस्तकं वाचत होती.

आणि मग 1993. बंद करण्यामागची कारणं सांगितली जातात ती अशी: पैसा संपला, कारभार ढिला होता, मुलं कमी झाली होती, चर्चचा विश्वास उडाला होता. यातलं एकही मी नाकारत नाही. परदेशी देणगीदार वर्णभेद संपतोय म्हटल्यावर हात आखडते घेतातच. अंतर्गत भांडणंही होती; तीस वर्षं वेढ्यात राहिलेली माणसं एकमेकांशी गोडीनं वागतात असा काही नियम नाही. पण कारभार ढिला असलेल्या संस्था जगात कमी आहेत का? ज्या संस्थेबद्दल ममत्व असतं तिचा कारभार माणसं सुधारतात. नसतं तेव्हा बंद करतात.

याहून वजनदार आक्षेप वेगळा आहे आणि तो टाळून चालणार नाही. तो असा: फेडसेम ही शेवटी काळ्यांचीच वेगळी संस्था होती. वर्णभेद गेल्यावर ती ठेवायची म्हणजे भेद चालू ठेवायचा. त्यापेक्षा प्रत्येक चर्चनं आपल्या गोऱ्या-काळ्या उमेदवारांना एका छताखाली आणलं हे बरं नव्हे का? आणि तसं झालंही. 1993 मध्येच अँग्लिकनांनी उमटाटाचं सेंट बीड्स आणि ग्रॅहॅमस्टाउनचं सेंट पॉल्स एकत्र करून कॉलेज ऑफ द ट्रान्सफिगरेशन काढलं. वर्णाची भिंत पडली. मग हळहळ कशाची?

हळहळ दोन गोष्टींची. पहिली: नवं कॉलेज भरतं कुठे? ग्रॅहॅमस्टाउनला. एकत्र यायची वेळ आली तेव्हा बिऱ्हाड हललं ते काळ्यांचं. ॲलिसहून उमटाटा, उमटाट्याहून एडनडेल, तिथून इंबाली, आणि एकीकरणाच्या नावानं आणखी एकदा. गोऱ्या विद्यार्थ्यांनी इंबालीला येऊन शिकावं, गोळीबाराचे आवाज ऐकत परीक्षा द्याव्यात, असं कोणाच्या मनात आलं असेल तर ते अमलात तरी आलं नाही. वर्णांची एकी म्हणजे काळ्यांनी गोऱ्यांच्या अंगणात यायचं, ही रीत राजवटीबरोबर गेली नाही.

दुसरी: वर्णाची एकी मिळवताना पंथांची एकी सोडून दिली, जणू दोन्ही एका हातात मावत नाहीत. 1963 मध्ये काळ्या उमेदवारांना सांगितलं, तुम्ही पंथ विसरून एकत्र राहा, रंगाचं पुढे बघू. 1993 मध्ये सगळ्यांना सांगितलं, रंग विसरा, आता आपापल्या पंथात जा. अँग्लिकन आपल्या वाटेनं, मेथडिस्ट आपल्या, बाकीचे विद्यापीठांच्या ईश्वरविज्ञान विभागांकडे. फेडसेममध्ये ज्यांनी तीस वर्षं एकमेकांचे उपदेश ऐकले, एकमेकांच्या स्तोत्रांना तोंडं वाकडी केली आणि हळूहळू ती गुणगुणायला लागले, त्यांचा अनुभव कोणाच्याच उपयोगी पडला नाही. गोऱ्या पाद्र्यांकडे तो अनुभव नव्हता. तो असता, निदान एका पिढीकडे जरी असता, तर 1993 च्या बैठकांमध्ये "ही संस्था वाचवू" म्हणणारे गोरेही निघाले असते. संस्थेला वाली लागतो, आणि वाली तिच्या जुन्या विद्यार्थ्यांतून येतात.

आपल्याकडे याच प्रश्नाचं दुसरं उत्तर दिसतं. बंगलोरचं युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेज 1910 साली वेगवेगळ्या पंथांच्या मिशनांनी मिळून काढलं. तिथे एकत्र शिकलेली माणसं पुढे आपापल्या चर्चमध्ये वर चढली. 1947 मध्ये चर्च ऑफ साउथ इंडिया झालं, 1970 मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. आधी शिक्षण एकत्र, मग चर्च एकत्र. कॉलेज आजही चालू आहे. आपल्या चर्चनी जात दाराबाहेर ठेवली असं म्हणायला मी धजणार नाही. कबरस्तानं आणि सोयरिकी सगळं सांगतात, आणि म्हणूनच 1981 मध्ये याच बंगलोरच्या कॉलेजात ए. पी. निर्मल यांना एका भाषणात ख्रिस्ती ईश्वरविज्ञान तळातल्या माणसाच्या बाजूनं नव्यानं मांडावं लागलं. त्यातून दलित थिऑलॉजी उभी राहिली. पण एक फरक ठळक आहे. ते भाषण एकत्र शिकणाऱ्यांसमोर झालं. ज्यांच्या पूर्वजांनी विटाळ मानला आणि ज्यांच्या पूर्वजांनी तो सोसला, दोघांची मुलं समोर बसलेली असू शकत होती. ॲलिसच्या मुलांनी जे म्हटलं ते ऐकायला ज्यांनी बसायला हवं होतं, ते शंभर किलोमीटरवर होते.

मेथडिस्टांनी पुढे पीटरमॅरिट्झबर्गमध्येच आपली नवी सेमिनरी बांधली आणि तिला सेथ मोकिटिमी यांचं नाव दिलं. मोकिटिमी हे दक्षिण आफ्रिकेतल्या मेथडिस्ट चर्चचे पहिले काळे अध्यक्ष. त्यांची निवड 1963 मध्ये झाली, फेडसेमच्या जन्मवर्षात. सरकारच्या भुवया तेव्हा उंचावल्या होत्या, चर्च मागे हटलं नव्हतं. नाव योग्य माणसाचं आहे, इमारती चांगल्या आहेत, आणि इंबाली त्याच शहरात आहे. तिथे गोरे, काळे, भारतीय वंशाचे सगळे येऊ शकतात. पण ती आहे एकट्या मेथडिस्ट चर्चची. या चार चर्चना आज कोणता कायदा अडवत नाही, कोणी जमीन सरकारजमा करत नाही. निदान पहिल्या वर्षाचे उमेदवार, सगळ्या पंथांचे आणि सगळ्या वर्णांचे, त्या एकाच शहरात एकत्र ठेवायचे म्हटलं तर लागेल काय? चार चर्चच्या प्रमुखांची एक बैठक आणि एक सामाईक खातं. 1963 मध्ये याहून कितीतरी वाईट दिवसांत त्यांनी ते जमवलं होतं.